नवं डीप हाऊस आणि डिस्को: रिलीजच्या पुरातून आपलं संगीत कसं निवडावं

10 जुलै 2015पासून जगातल्या बहुतेक मोठ्या बाजारांत नवं संगीत शुक्रवारी प्रसिद्ध होऊ लागलं. डान्स म्युझिकची ऑनलाइन दुकानंही साधारण त्याच तालावर चालतात. शुक्रवार उजाडला की डीप हाऊस आणि डिस्कोच्या पानांवर इतकं नवं येऊन पडतं, की सगळं ऐकायचं म्हटलं तर पुढचा शुक्रवार येईपर्यंत निम्मंही ऐकून होत नाही. मग बहुतेकजण टॉप हंड्रेड उघडतात आणि एकापासून खाली ऐकत जातात. माझ्या मते हा सगळ्यांत कमी फळ देणारा मार्ग आहे. या आठवड्यात काय खपलं एवढंच त्या यादीतून कळतं. सहा महिन्यांनी तुम्हाला स्वतःहून काय लावावंसं वाटेल, ते तिथे सापडत नाही.

इथे दिलेली पद्धत वेगळी आहे. रेकॉर्डवरच्या नावांचा माग काढायचा, मोजकंच विकत घ्यायचं आणि घेतलेलं पाठ होईपर्यंत ऐकायचं. नुसतं घरी ऐकणाऱ्यांनाही ती उपयोगी पडेल. वाजवणाऱ्यांसाठीचा, म्हणजे डीजेंसाठीचा, भाग पुढे येतो आणि तो जास्त सविस्तर आहे.

आधी जुनं कानात बसू द्या

नव्या रिलीजमध्ये खरंच नवं काय आहे, हे ओळखायला जुनं कानात असावं लागतं. आज जो ठेका आपण डिस्कोचा म्हणून ओळखतो, तो मुख्यतः फिलाडेल्फियाच्या स्टुडिओंत घडला. 1973 सालच्या ‘द लव्ह आय लॉस्ट’मध्ये अर्ल यंग या ड्रमरने चारही मात्रांवर किक (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा ठोका) ठेवली आणि मधल्या जागा हायहॅट (झांजांची जोडी) उघडून-मिटून भरल्या. तो ‘त्स’ आवाज आजच्या जवळजवळ प्रत्येक हाऊस ट्रॅकमध्ये आहे. पुढे न्यूयॉर्कच्या पॅराडाईज गराज या क्लबमध्ये 1977 ते 1987 डीजे लॅरी लेव्हनने आणि शिकागोच्या वेअरहाऊस क्लबमध्ये डीजे फ्रँकी नकल्सने या संगीताचा रात्रभर चालणारा प्रवास केला. 12 जुलै 1979 रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानात डिस्कोच्या रेकॉर्डचा ढीग स्फोटाने उडवला गेला, आणि त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी डिस्कोवरचा हात काढून घेतला. व्हायोलिनवाल्यांचा ताफा भाड्याने आणणं कुणालाच परवडेना. त्याच शहरातल्या तरुणांनी तोच ठेका ड्रम मशीनवर उभा केला, आणि 1984च्या सुमारास हाऊसच्या पहिल्या रेकॉर्ड निघाल्या.

डीप हाऊससाठी लॅरी हर्डचा ‘कॅन यू फील इट’ (1986) नीट ऐका. हर्ड मूळचा ड्रमर. ट्रॅकमध्ये एक फिरती बेसलाइन आहे, सिंथेसायझरचे लांब धरलेले कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) आहेत, ड्रम मशीन आहे आणि जवळजवळ आणखी काहीच नाही. एवढ्यावर तो आजही उभा राहतो. पुढच्या चाळीस वर्षांचं डीप हाऊस बऱ्याच अंशी याच मोकळ्या जागेत रचलं गेलं आहे.

ऐकताना एक सराव करा. एकच ट्रॅक चार वेळा लावा. पहिल्यांदा फक्त किक आणि हायहॅटकडे लक्ष द्या, दुसऱ्यांदा बेसकडे, तिसऱ्यांदा कॉर्डकडे, चौथ्यांदा गळ्याकडे किंवा जे काही वरून तरंगत असेल त्याकडे. डिस्कोत बेस स्वतःच एक चाल गात असतो आणि ड्रमर माणूस असल्याने ठेका किंचित पुढेमागे श्वास घेतो. डीप हाऊसमध्ये ठेका यंत्राचा आणि काटेकोर असतो. भाव येतो तो मायनर सेव्हन्थ आणि नाइन्थसारख्या कॉर्डमधून, जे सुटता सुटता सुटत नाहीत. हा फरक एकदा कानात उतरला की दुकानाने ट्रॅकवर कुठला शिक्का मारला आहे याची फारशी फिकीर उरत नाही. ते बरंच आहे, कारण हे शिक्के भरवशाचे नसतात. 2013च्या आसपास भलतंच पॉप वळणाचं संगीत ‘डीप हाऊस’ नावाने तुफान खपलं आणि त्या नावाखाली शोधणाऱ्यांची चांगलीच पंचाईत झाली.

नावांचा माग

ही सगळ्यांत महत्त्वाची पायरी, म्हणून इथे घाई नको.

तुम्हाला मनापासून आवडणारे दहा-बारा ट्रॅक घ्या आणि प्रत्येकाची माहिती डिस्कॉग्जवर काढा. 2000 साली इलेक्ट्रॉनिक संगीताची सूची म्हणून सुरू झालेली ही साइट आजही या कामासाठी सर्वोत्तम आहे. कलाकाराचं नाव तुम्हाला माहीतच असतं. त्याच्या खालची नावं टिपा: लेबल (रेकॉर्ड काढणारी कंपनी) कुठलं, रीमिक्स कुणाचा, कीबोर्ड कुणी वाजवला, गायलं कुणी, बेस हाताने वाजवलेला असेल तर कुणाचा. दहा ट्रॅकच्या याद्या शेजारी ठेवल्या की दोन-तीन नावं पुन्हा पुन्हा दिसू लागतात. ती तुमची दारं. एखादा कीबोर्डवादक तुमच्या आवडीच्या तीन ट्रॅकवर असेल, तर त्याने ज्या चौथ्या ट्रॅकवर वाजवलं आहे तो तुम्हाला आवडण्याची शक्यता कुठल्याही टॉप टेनपेक्षा जास्त असते.

लेबलांची यादी मात्र आटोपशीर ठेवा, पंधराच्या आसपास. सुरुवात कुठून करावी, तर डिस्को आणि एडिटसाठी (जुन्या रेकॉर्डची कापून-जोडून केलेली आवृत्ती म्हणजे एडिट) ब्रुकलिनचं रेझर-एन-टेप, डिस्को आणि फंकच्या वळणाच्या हाऊससाठी बर्लिनचं टॉय टॉनिक्स, डीप हाऊससाठी स्टॉकहोमचं लोकल टॉक आणि अॅमस्टरडॅमचं हाइस्ट, गायकीचं आणि मोठ्या मैदानाचं डिस्को हवं असेल तर लंडनच्या डिफेक्टेडचं ग्लिटरबॉक्स. डेट्रॉइटची बाजू वेगळी आहे. थिओ पॅरिशचं साउंड सिग्नेचर किंवा मूडीमॅनचं केडीजे पहिल्या फेरीत खडबडीत, अर्धवट मिक्स केल्यासारखं वाटू शकतं. तरी तिथे वेळ द्या. त्या धुळकट आवाजात जे शहाणपण आहे ते गुळगुळीत निर्मितीत क्वचित सापडतं. केरी चँडलर आणि मास्टर्स अॅट वर्क ही न्यू जर्सी–न्यूयॉर्ककडची नावं तर डोळे मिटून यादीत टाका. त्यांच्या जुन्या कामाच्या नव्या आवृत्त्याही सतत येत असतात.

लेबल ठरली की बँडकॅम्प या संगीत विकणाऱ्या साइटवर त्यांना फॉलो करा, म्हणजे नवं आलं की मेल येतो. ट्रॅक्ससोर्स या ऑनलाइन दुकानातही आवडीची लेबल आणि कलाकार नोंदवता येतात. एवढं केलं की शोधण्याचं निम्मं काम तुमच्यासाठी दुसरं कुणीतरी करत असतं.

जोडीला एक-दोन रेडिओ कार्यक्रम धरा. लंडनचा एनटीएस किंवा ब्रुकलिनचा लॉट रेडिओ यांसारख्या ऑनलाइन केंद्रांवर रेकॉर्ड खोदणारी मंडळी नियमित वाजवतात आणि पुष्कळदा ट्रॅकची यादीही देतात. दहा कार्यक्रम वरवर ऐकण्यापेक्षा आवड जुळणारा एकच माणूस गाठा आणि त्याला वर्षभर ऐका.

कुठून घ्यावं

हाऊससाठी ट्रॅक्ससोर्स, कारण तिथे सोलफुल, डीप, क्लासिक असे कप्पे समजून उमजून पाडलेले आहेत. बीटपोर्ट मोठं आहे, पण तिथला पसाराही तितकाच मोठा. रेकॉर्ड हव्या असतील तर जुनो, लंडनचं फोनिका, अॅमस्टरडॅमचं रश अवर. या दुकानांनी लिहिलेली छोटी टिपणं वाचायची सवय लावा, त्यांच्या काउंटरवरचे लोक स्वतः वाजवणारे असतात.

माझी पहिली पसंती बँडकॅम्पला आहे, आणि त्याचं कारण हिशेबाचं आहे. तिथे डिजिटल विक्रीतले साधारणपणे 15 टक्के आणि रेकॉर्ड-कॅसेट यांच्या विक्रीतले 10 टक्के साइट ठेवते. पैसे देण्याघेण्याचं शुल्क वजा जाता बाकीचं कलाकाराकडे किंवा लेबलकडे जातं. मार्च 2020पासून काही ठरावीक शुक्रवारी साइट आपला वाटाही सोडते. लहान लेबलं टिकली तरच हे संगीत टिकेल, त्यामुळे खरेदी त्या शुक्रवारपर्यंत थांबवून ठेवणं हा चांगला रिवाज आहे.

ऐकण्याची बैठक

आठवड्यातून एक ठरलेली वेळ, तासाभराची. फोनवर येता-जाता ऐकून निवड करू नका. फोनच्या स्पीकरमधून खालचा बेस येतच नाही, आणि या संगीताचा अर्धा जीव तिथेच आहे. बरे हेडफोन पुरतात.

पहिली फेरी झटपट करा. प्रत्येक ट्रॅकची सुरुवात सोडून थेट मध्यावर जा. डान्स ट्रॅकचं पहिलं मिनिट बहुधा मिक्स करण्यासाठी (आधीच्या ट्रॅकमधून यात सरकण्यासाठी) ठेवलेला नुसता ठेका असतो, त्यावरून काहीच ठरत नाही. मध्यावर बेस आणि कॉर्ड एकत्र असतात. तिथे तीस सेकंद द्या, मग ब्रेकडाउन (ठेका थांबतो तो भाग) ऐका, आणि ठेका परत येतो तो क्षण ऐका. तिथे अंग हललं तर ट्रॅक बाजूला ठेवा. नाही हललं तर पुढे चला, कितीही मोठं नाव असो.

दुसरी फेरी त्याच दिवशी घेऊ नका. एक-दोन दिवस जाऊ द्या आणि बाजूला ठेवलेले ट्रॅक सबंध ऐका. आता आवाजाची पातळी सारखी करून घ्या. जोरात वाजणारं कानाला नेहमी चांगलं वाटतं, आणि नवे मास्टर (प्रसिद्धीसाठी पक्के केलेले अंतिम ट्रॅक) जुन्या रेकॉर्डवरून उतरवलेल्या ट्रॅकपेक्षा बरेच मोठ्याने वाजतात. पातळी जुळवली की पुष्कळ ‘जबरदस्त’ ट्रॅक सपाट निघतात.

या फेरीत स्वतःला विचारा की चार मिनिटांनंतर या ट्रॅकमध्ये काही घडतं का. चांगल्या डीप हाऊसमध्ये फारसं काही बदलत नाही असं वाटतं, पण लक्ष दिलंत तर फिल्टर हळूहळू उघडत असतो, एक कॉर्ड उलटलेला असतो, तिसऱ्या आवर्तनात एखादा कोंगा शिरलेला असतो. चार आवर्तनांची नक्कल करून सात मिनिटं चिकटवलेला ट्रॅक ऐकला की लगेच कळतो, तो घेऊ नका. डिस्कोच्या बाबतीत सॅम्पलकडे (जुन्या रेकॉर्डमधून उचललेल्या तुकड्याकडे) कान द्या. जुन्या रेकॉर्डमधला सगळ्यांत गोड तुकडा उचलून त्याखाली किक घातली की पहिल्यांदा ऐकताना मजा येते. दहाव्यांदा लक्षात येतं की गोडवा मूळ रेकॉर्डचा आहे, आणि आपल्याला हवी आहे ती तीच.

या दोन चाळण्यांतून आठवड्याला तीन-चार ट्रॅक उरले तर भरपूर झाले.

कंसातलं वाचा

एकाच नावाचे पाच ट्रॅक दिसले की गोंधळ होतो. रेडिओ एडिट ऐकायला ठीक, वाजवायला निरुपयोगी, कारण त्यात मिक्स करायला आगामागा ठेवलेला नसतो. एक्स्टेंडेड मिक्स म्हणजे तो आगामागा असलेला. डबमध्ये गाणं बहुतांश काढून ठेका आणि बेस पुढे आणलेले असतात, गळ्याचे तुकडे इकोमध्ये येतात-जातात. रात्रीच्या मध्यावर मला बहुतेक वेळा डबच जास्त कामाचा वाटतो.

ही लांब आवृत्तींची परंपरा डिस्कोचीच देणगी. टॉम मोल्टन यांनी सत्तरच्या दशकात गाणी नाचणाऱ्यांसाठी ताणायला सुरुवात केली, आणि 1976 साली सालसोल लेबलने डबल एक्स्पोजरचं ‘टेन पर्सेंट’ वॉल्टर गिबन्स यांच्या मिक्ससह बारा इंची सिंगल म्हणून विक्रीला आणलं. सर्वसामान्य ग्राहकाला विकली गेलेली ती पहिली बारा इंची मानली जाते.

रीमिक्स आणि एडिट यांतला फरकही जाणून घ्या. रीमिक्स करणाऱ्याकडे वाद्यांचे वेगवेगळे ट्रॅक असतात, त्यामुळे तो बेस बदलू शकतो, गळा ठेवून बाकी सगळं नवं बांधू शकतो. एडिट करणारा तयार रेकॉर्डच कापतो, जोडतो, लांबवतो. नव्या डिस्को रिलीजपैकी मोठा भाग अशा एडिटचा असतो आणि त्यांतले अनेक मूळ मालकाला न विचारता काढलेले असतात. मूळ गीतकाराला आणि वादकांना त्यातून काही मिळत नाही. म्हणून एडिट आवडला की आधी मूळ रेकॉर्ड शोधा. ती विकत मिळत असेल तर ती घ्या, आणि एडिट रीतसर परवान्याने निघाला असेल तर तोही घ्या.

फाइल कुठली

शक्य तिथे वेव्ह किंवा एआयएफएफ, म्हणजे आवाज न दाबता साठवणाऱ्या फाइल. सीडीच्या दर्जाच्या वेव्हला मिनिटाला साधारण 10.6 एमबी लागतात, 320 केबीपीएसच्या एमपीथ्रीला सुमारे 2.4. म्हणजे सात मिनिटांचा ट्रॅक एकीकडे 74 एमबी, दुसरीकडे 17. वेव्हमध्ये कलाकाराचं नाव, वर्ष वगैरे माहिती डीजे सॉफ्टवेअरला नेहमी दिसतेच असं नाही, म्हणून मी एआयएफएफकडे झुकतो. फ्लॅक साठवणीसाठी उत्तम, पण डीजेंचे जुने सीडी प्लेअर ते वाचत नाहीत.

शंका आली तर फाइल स्पेक या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडा. वेव्ह म्हणून मिळालेल्या फाइलमध्ये 16 किलोहर्ट्झच्या आसपास सरळ रेषेत सगळं कापलेलं दिसलं, तर ती बहुधा कमी दर्जाच्या एमपीथ्रीवरून फुगवलेली असते. मात्र जुन्या टेपवरून आलेल्या डिस्कोत वरचे सूर मुळातच मंद असू शकतात. ते हळूहळू विरत जातात, सुरीने कापल्यासारखे दिसत नाहीत.

वाजवण्याआधीची तयारी

यंत्रावर बनलेल्या डीप हाऊसचं बीटग्रिड (ट्रॅकवर मात्रा कुठे पडतात त्याची आखणी) डीजे सॉफ्टवेअर बहुधा बिनचूक काढतं. खरं काम आहे ते माणसाने वाजवलेल्या ड्रमचं, मग रेकॉर्ड 1975ची असो की आजच्या एखाद्या बँडने काढलेली. ट्रॅक मिनिटाला 118 मात्रांवर (118 बीपीएम) सुरू होतो, कोरसला उत्साहात 120वर जातो आणि शेवटी 121वर रेंगाळतो. सॉफ्टवेअरने सरासरी काढून एकच सरळ पट्टी मारली तर ती दोन मिनिटांत घसरते.

रेकॉर्डबॉक्स या डीजे सॉफ्टवेअरमध्ये अशा ट्रॅकचं विश्लेषण डायनॅमिक पद्धतीने करा. सेराटो या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एकापेक्षा जास्त ग्रिडच्या खुणा ठेवता येतात. पुढची तपासणी मात्र कानानेच करावी लागते. सुरुवातीचे व्हायोलिन आणि ड्रमचे तुकडे सोडून पहिली स्वच्छ किक गाठा आणि पहिली खूण तिथे ठेवा. मेट्रोनोम चालू करून आठ आवर्तनं ऐका. टिकटिक किकच्या पुढे किंवा मागे पडायला लागली की जवळच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर नवी खूण ठेवा. खूण नेहमी किकवर ठेवा, टाळीवर नाही. टाळी अनेकदा मुद्दाम किंचित उशिरा वाजवलेली असते आणि ती तशीच राहायला हवी. प्रत्येक आवर्तनाला खूण मारू नका, आठ किंवा सोळा आवर्तनांना एक पुरे. ब्रेकडाउनमध्ये किक नसते, तिथे हात लावू नका. किक परतते तिथून पुन्हा सुरू करा. शेवटचं मिनिट आवर्जून तपासा, मिक्स तिथेच होणार आहे.

सिंक (दोन ट्रॅकचा वेग आपोआप जुळवणारी सोय) वापरत असाल तर माणसाने वाजवलेला ट्रॅक मास्टर, म्हणजे वेग ठरवणारा, ठेवा आणि यंत्राच्या ट्रॅकला त्याच्यामागे चालू द्या, ‘की लॉक’ (वेग बदलला तरी सूर न हलू देणारी सोय) चालू ठेवून. उलट केलंत तर सॉफ्टवेअर ड्रमरला ओढूनताणून सरळ करतं आणि ज्या लवचीकपणासाठी आपण ती रेकॉर्ड निवडली तोच निघून जातो.

क्यू पॉइंट (ट्रॅकमध्ये थेट उडी मारायच्या खुणा) तीन-चारच ठेवा: मिक्स सुरू करायची जागा, बेस येतो ती जागा, ब्रेकडाउन, आणि बाहेर पडायची जागा.

जुन्याशेजारी लावून पाहा

नवा ट्रॅक खरा कळतो तो दुसऱ्याला लागून वाजतो तेव्हा. तुमची हुकमी अशी एखादी जुनी रेकॉर्ड घ्या आणि नवा ट्रॅक तिच्यात मिसळा. 120 बीपीएमला चार मात्रांचं एक आवर्तन दोन सेकंदांचं असतं, सोळा आवर्तनं 32 सेकंदांची आणि बत्तीस आवर्तनं 64 सेकंदांची. या संगीतात बहुतेक बदल याच टप्प्यांवर होतात, म्हणून नवा ट्रॅक जुन्याच्या समेवरच आणा. डिस्कोची बेसलाइन सतत फिरती असते. दोन बेसलाइन एकत्र आल्या की सगळा चिखल होतो, म्हणून येणाऱ्या ट्रॅकचा लो (मिक्सरवरचं बेसचं बटण) पूर्ण खाली ठेवा आणि समेवर एका झटक्यात अदलाबदल करा. डीप हाऊसचे कॉर्ड मात्र निवांत येऊ द्या, मिनिटभर दोन्ही ट्रॅक मधल्या पट्टीत एकमेकांत मुरले तरी चालतात.

सूर जुळतात का हे पाहायला कॅमेलॉट चक्र कामाला येतं, ज्यात प्रत्येक पट्टीला आकडा-अक्षर दिलेलं असतं आणि शेजारच्या पट्ट्या जुळतात. 8ए म्हणजे ए मायनर, शेजारी 7ए (डी मायनर), 9ए (ई मायनर) आणि 8बी (सी मेजर). जुन्या डिस्कोत मात्र सॉफ्टवेअरने सांगितलेल्या सुरावर डोळे मिटून विश्वास नको. टेपच्या वेगामुळे पट्टी थोडी इकडेतिकडे झालेली असते आणि कॉर्डही जॅझच्या अंगाने जातात. की लॉक बंद असेल तर वेग सुमारे 6 टक्के बदलला की सूर अर्ध्या स्वराने सरकतो, म्हणजे 120चा ट्रॅक 127वर नेलात की जुळलेलं गणित मोडतं. दोन-तीन टक्क्यांत राहा.

संग्रह आणि छाटणी

फोल्डर शैलीच्या नावाने करण्यापेक्षा वेळेच्या नावाने करा: दार उघडताना, रंग चढताना, ऐन भरात, दिवे लागण्याआधी. शेऱ्याच्या रकान्यात दोन शब्द लिहा. ‘लांब ब्रेक, बेस उशिरा’ एवढं अंधारात पुरतं. सगळ्याची एक प्रत दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवा.

दर तीन-चार महिन्यांनी फोल्डर उघडून पाहा. ज्या ट्रॅकला या काळात हात लागला नाही तो वेगळ्या कप्प्यात हलवा, पुसू नका. पाच वर्षांनी कान बदललेला असतो आणि तिथूनच काहीतरी सापडतं. हीच छाटणी लेबलांच्या यादीलाही लावा. एखाद्या लेबलच्या सलग चार-पाच रिलीजमधून काहीच उचललं गेलं नसेल तर त्याला काढा, आणि या काळात तुम्ही सगळ्यांत जास्त वाजवलेल्या ट्रॅकवरची नावं पुन्हा डिस्कॉग्जवर टाकून तिथून नवं लेबल शोधा.